गावच्या पडद्यावर 'तीसरी कसम': वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

दिवाळी सरली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकांचे मंडप उभे राहतात, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती भरतात, आणि याच दिवसांत विदर्भातल्या गावोगावच्या मंडळांना जुना सिनेमा पडद्यावर लावायची हौस येते. यंदाची बहुतेक पत्रं एकाच चित्रपटाबद्दल आहेत: बासू भट्टाचार्य यांचा 1966चा 'तीसरी कसम'. फणीश्वरनाथ रेणू यांच्या कथेवरचा, गीतकार शैलेंद्र यांनी स्वतः निर्माण केलेला. गाडीवान हिरामण म्हणजे राज कपूर, नौटंकीतली हिराबाई म्हणजे वहिदा रहमान, संगीत शंकर-जयकिशन यांचं. चित्रपट बिहारातल्या खेड्याचा, पण बैलांच्या घुंगरांची ओळख आपल्याकडे कुणाला करून द्यावी लागत नाही.

प्रश्न (आर्वी, जि. वर्धा): चित्रपट फार लांब आहे. गाणी वगळून दीड-दोन तासांत बसवला तर चालेल का?

नका वगळू. या चित्रपटात गाणं हे गोष्टीच्या मध्ये आलेला थांबा नाही, गोष्टच गाण्यातून पुढे सरकते. 'लाली लाली डोलिया' घ्या. टप्पर (छत) घातलेली गाडी पाहून गावातली पोरं समजतात की आत नवरी बसली आहे, आणि गात गात मागे धावतात. हिरामणच्या मनात तोवर जे धड उमटलेलंही नाही, ते पोरं ओरडून सांगतात. हे गाणं कापलं तर पुढचं त्याचं लाजणं कशामुळे, ते कळतच नाही. महुआ घटवारिनची गोष्ट आणि 'दुनिया बनानेवाले' यांचंही तसंच. विकल्या गेलेल्या मुलीची ती कहाणी हिरामण सांगतो, हिराबाई ऐकते, आणि ती आपलीच आहे हे प्रेक्षकाला तिच्या चेहऱ्यावरून समजतं. तिथे कात्री लावलीत तर शेवटचा रेल्वे स्टेशनचा प्रसंग कोरडा जाईल.

अडचण लांबीची नसून वेळेची आहे. चित्रपट साधारण 2 तास 40 मिनिटांचा. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई. आता हिशेब करा. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य साडेपाचच्या पुढेमागे मावळतो, सव्वासहाला पुरेसा अंधार होतो. पावणेसातला सुरू केलात, मध्ये 10 मिनिटं थांबलात, तरी 9.35ला मोकळे. मे महिन्यात सूर्यच पावणेसातनंतर मावळतो. साडेसातच्या आधी पडद्यावर काही दिसत नाही आणि शेवट दहाच्या पलीकडे जातो. मग घाईघाईत कुणीतरी गाणी पळवतो. म्हणून मार्गशीर्ष-पौष धरा. कापूस वेचणीचे दिवस असतात, माणसं थकलेली असतात, त्यामुळे लवकर सुरू करून लवकर सोडणं त्यांच्याही सोयीचं. मध्यंतर मध्यावर, एखादा प्रसंग संपताना घ्या. चालू गाण्यात कधीच नको.

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ): लॅपटॉपवर आवाज स्वच्छ येतो. मंडपवाल्याच्या मिक्सरला जोडला की नुसती खरखर. तो म्हणतो, नवीन गाणी वाजतात, तुमचा सिनेमाच खराब आहे. खरं काय?

सिनेमा चांगला आहे, केबल चुकीची आहे. जुन्या चित्रपटांच्या बाबतीत ही चूक इतक्या वेळा होते की जरा सविस्तर सांगतो.

लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात जाणारी पिन नीट पाहा. तिच्यावर दोन काळ्या रेघा असतात, त्यामुळे तिचे तीन भाग पडतात: टोक म्हणजे डावा आवाज, मधलं कडं म्हणजे उजवा आवाज, बुडखा म्हणजे अर्थ. हीच तीन भागांची पिन दुसऱ्या टोकाला जाड करून मिक्सरच्या माइकच्या भोकात खुपसली जाते. माइकचं ते इनपुट बॅलन्स्ड असतं. टोकावर जे येतं त्यातून कड्यावर आलेलं वजा करायचं, हेच त्याचं काम. लांब वायरीत शिरलेली घरघर काढून टाकण्यासाठी ती सोय असते. 'तीसरी कसम'चा आवाज मोनो, म्हणजे डावीकडे आणि उजवीकडे तंतोतंत एकच. एकातून दुसरा वजा केला की चित्रपटाचा आवाज शून्य, उरते ती नुसती खरखर. नव्या स्टिरिओ गाण्यांत वाद्यं दोन्हीकडे वेगवेगळी असतात, म्हणून ती वाजतात. पण नीट कान द्या: त्यातही गाणाऱ्याचा आवाज पोकळ झालेला असेल किंवा गेलेलाच असेल.

उपाय शंभर-दीडशे रुपयांचा. एका टोकाला 3.5 मिमीची पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन सुट्या आरसीए पिना असलेली केबल घ्या आणि ती मिक्सरच्या ऑक्स किंवा लाइन इनपुटला लावा. जागा एकच असेल तर फक्त डावी पिन लावा आणि उजवीला टेप गुंडाळून मोकळी सोडा. मोनो चित्रपटात काहीही हरवत नाही.

जोडल्यावर संथ घूंऽऽ असा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. थांबला, तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा, म्हणजे लॅपटॉप आणि मिक्सरच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेचा आहे. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डावरून चालवा. तरी राहिला तर मध्ये ऑडिओ आयसोलेटर टाका. चार्जरची अर्थची पिन मोडून टाकणं हा उपाय नाही. ओल्या जमिनीवर, लोखंडी खांबांच्या मध्ये ते जिवावर बेतू शकतं.

ब्लूटूथ वापरू नका. त्यात आवाज साधारण सेकंदाचा सहावा-पाचवा भाग मागे पडतो. ओठ आधी हलतात, शब्द मागून येतो.

प्रश्न (मेहकर, जि. बुलढाणा): आवाज भरपूर आहे, पण गाणं कर्कश लागतं आणि संवाद कळत नाहीत. मागे बसणाऱ्यांसाठी भोंगेही लावले होते.

भोंगे आणि डीजेची सवय, ही दोन कारणं.

1966च्या चित्रपटाचा आवाज फिल्मच्या कडेला प्रकाशाच्या पट्टीत कोरलेला होता. त्या पट्टीत साधारण 7-8 हजार हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सुराची उंची मोजायचं माप) वर कामाचं काही नसतं. असते ती खरखर. ऑपरेटर ट्रेबल पूर्ण फिरवतो तेव्हा ती खरखरच मोठी होते. खाली 80-100 हर्ट्झच्या आत काही नसतं, तिथे बेस वाढवला की फक्त गडगडाट. म्हणून 100च्या खालचं आणि 8 हजारांच्या वरचं उतरवा, आणि शब्द उघडे पडायला 2 ते 3 हजारांच्या आसपास अगदी थोडं, 2-3 डेसिबल, चढवा. सबवूफर मंडपवाल्याच्या गाडीतच राहू द्या.

भोंगा लांब पोचतो, पण खालचे सूर तो टाकून देतो. मुकेशचा आवाज छातीतून येणारा. 'सजनवा बैरी हो गए हमार' भोंग्यातून ऐकलं तर त्यातलं दुःखच निघून जातं. 12 किंवा 15 इंची दोन पेट्या, पडद्याच्या दोन्ही बाजूंना, 6-7 फूट उंच स्टँडवर, तोंड मधल्या रांगांकडे वळवून. तीनशे-चारशे माणसांना एवढं पुरतं.

मागे भोंगा लावल्यावर संवाद का फाटतात? आवाज सेकंदाला सुमारे 1,100 फूट जातो. 100 फूट मागे असलेल्या भोंग्याजवळच्या माणसाला भोंगा लगेच ऐकू येतो आणि पडद्याजवळचा आवाज सेकंदाच्या अकराव्या भागाने उशिरा. एवढं अंतर कानाला दोन वेगळे शब्द म्हणून कळतं. माणसं पुढे सरकवून बसवा, भोंगा उतरवा.

पातळी कशावर ठरवायची, हे सर्वांत महत्त्वाचं. 'पान खाये सैंया' लावून ठरवू नका. हिरामण लाजला की जिभेखालून 'इस्स' म्हणतो. तेवढा एक प्रसंग आधी शोधून ठेवा, कुणाला तरी शेवटच्या रांगेत उभं करा, आणि ते 'इस्स' त्याला स्पष्ट ऐकू येईल इतका आवाज ठेवा. मग बटणाला हात नाही. नौटंकीचे प्रसंग आपोआप दणदणीत होतील, ते तसेच व्हायला हवेत.

प्रश्न (सिंदेवाही, जि. चंद्रपूर): आमच्या इथं पडदा लावला का हवा येते अन् तो शिडासारखा फुगते. मागच्या साली एक बल्लीच वाकली. पडद्याले भोकं पाडावं म्हणते कोणी. काहून होते असं?

भोकं पाडू नका, चित्र बिघडेल आणि ताण फारसा कमी होणार नाही. 12 बाय 9 फुटांच्या पडद्यावर ताशी 20 किलोमीटरच्या हवेचा दाब वीसेक किलोचा पडतो. हवा दुप्पट झाली की दाब चौपट, म्हणजे ऐंशी किलोच्या घरात. तो सगळा भार दोन बल्ल्यांच्या वरच्या टोकाला ओढतो, म्हणून बल्ली बुडाशी वाकते.

बल्ल्या 18 फुटी घ्या, अडीच फूट पुरा, भोवती गिट्टी ठोकून भरा. प्रत्येक बल्लीला एक दोर पुढे, एक मागे, जमिनीशी 45 अंशांत. पडद्याच्या वर आणि खाली दोन्हीकडे आडवा बांबू हवा. खालचा बांबू नसला की कापड फडफडतं आणि चेहऱ्यावर सुरकुत्या फिरतात. खालचे कोपरे दोरीने करकचून बांधू नका. सायकलच्या जुन्या ट्यूबचे पट्टे लावा, झोत आला की पडदा थोडा झुकतो आणि परत जागेवर येतो. खालची कड जमिनीपासून साडेचार फूट ठेवा, म्हणजे पुढच्या माणसांची डोकी चित्रात येत नाहीत.

कापड पांढरा मांजरपाट, दुहेरी. शिवण आडवी आणि शक्य तितकी वर घ्या. मध्यावर आली तर नेमकी वहिदाच्या डोळ्यांवरून जाते. कापडामागे काळी ताडपत्री टाकली की मागचा उजेड आरपार येत नाही. चकचकीत फ्लेक्स नको, मधोमध पांढरा डाग पेटतो आणि कडा अंधाऱ्या राहतात. शाळेची सपाट भिंत असेल तर याहून सोपं: पांढऱ्या मॅट डिस्टेंपरचे दोन हात, आणि वाऱ्याचा प्रश्नच मिटला.

पडद्याची पाठ पश्चिमेला करा, संध्याकाळची उरलेली लाली समोरून पडत नाही. पौर्णिमेचं चांदणं चालतं, पथदिवा चालत नाही. खांबाखालचा उजेड चांदण्याच्या तीस-चाळीस पट असतो. कॅमेरा सुब्रत मित्र यांचा आहे. काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटा हेच त्यांचं काम, आणि एक एलईडी दिवा त्या सगळ्या धुऊन टाकतो. जवळचा खांब तीन तास बंद ठेवायला ग्रामपंचायतीला आधी सांगून ठेवा.

प्रश्न (मोर्शी, जि. अमरावती): शाळेतला जुना प्रोजेक्टर चालेल का? आणि चित्रात माणसं जाडी, बैल बुटके का दिसतात?

जुना प्रोजेक्टर या चित्रपटाला नव्यापेक्षा बरा. त्या काळच्या चित्राची चौकट रुंदीला सुमारे 1.37, उंचीला 1 अशी होती. शाळांमधले जुने 1024 बाय 768चे प्रोजेक्टर 4 बाय 3 चौकटीचे, म्हणजे जवळजवळ त्याच मापाचे. नव्या रुंद प्रोजेक्टरवर हेच चित्र लावलं तर पाव भाग उजेड दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्यांत वाया जातो.

ती काळी पट्टी लोकांना खुपते, मग कुणीतरी चित्र ताणतो, आणि सगळं एक तृतीयांशाने रुंद होतं. माणसं जाडी होतात ती त्यामुळे. दुसरा प्रकार झूम करण्याचा. त्यात वरखाली मिळून जवळपास पाव चित्र कापलं जातं. नौटंकीच्या नाचात पाय दिसले नाहीत तर नाच कसला? काळ्या पट्ट्या राहू द्या. व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ए' हे बटण दाबत गेलं की चित्राचं प्रमाण बदलतं, 4:3 वर थांबा. काही फायलींत बाजूच्या काळ्या पट्ट्या चित्रातच भरलेल्या असतात. जुन्या प्रोजेक्टरवर त्यांचं चित्र चारी बाजूंनी आखडतं. तिथे 'सी' दाबून क्रॉप 4:3 करा.

उजेडाचा हिशेब सोपा आहे. ल्युमेनला, म्हणजे प्रोजेक्टरच्या उजेडाच्या मापाला, पडद्याच्या चौरस फुटांनी भागा. उत्तर 12 ते 16 आलं पाहिजे. 12 बाय 9 म्हणजे 108 चौरस फूट. 3,000 ल्युमेनचा दिवा वापरून निम्म्यावर आला असला तरी 1,500 भागिले 108, सुमारे 14. भागलं. तोच प्रोजेक्टर 16 बाय 12 वर नेला तर 8वर येतो आणि रात्रीचे गाडीचे प्रसंग काळवंडतात. मोठ्या पडद्याचा हट्ट सोडा. 12 फूट रुंदीसाठी प्रोजेक्टर बहुधा 18 ते 22 फुटांवर येतो. पक्कं माप त्याच्या पुस्तिकेत असतं. शेवटची रांग पडद्याच्या उंचीच्या सहापट, म्हणजे 54 फुटांच्या आत ठेवा. रंगाची व्यवस्था 'सिनेमा'वर न्या आणि सॅच्युरेशन शून्य करा, नाहीतर काळं-पांढरं चित्र हिरवट पडतं.

प्रश्न (चिखली, जि. बुलढाणा): फुकट दाखवतो, तिकीट नाही. तरी परवानगी लागते?

लागते. हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांसमोर नाटक किंवा गाणं सादर केलं तर कायद्यात सूट आहे, पण त्या सवलतीत चित्रपट येत नाही. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो, म्हणून 1966च्या चित्रपटाचा 31 डिसेंबर 2026पर्यंत. तोवर हक्कधारकाचं पत्र हवं. अधिकृत डीव्हीडीवर किंवा वाहिनीवर ज्यांचं नाव आहे त्यांना गाव, तारीख, अंदाजे प्रेक्षक आणि 'विनामूल्य' हे लिहून विचारा. मोबाइलवरच्या वर्गणीत घरी पाहायचाच हक्क मिळतो. ध्वनिक्षेपकाची परवानगी पोलीस ठाण्यातून, आणि तात्पुरत्या प्रदर्शनाबद्दल तहसील कार्यालयात आधीच लेखी विचारणा. तिकीट लावणार असाल तर हे अजिबात टाळू नका.

प्रश्न (अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया): लाईट गेली तर? एक इन्व्हर्टर आहे.

प्रोजेक्टर 300 वॅट, आवाज सरासरी 150, लॅपटॉप 60. एकूण 500च्या आसपास. 150 अँपिअर-अवरची एक 12 व्होल्ट बॅटरी एवढ्या भारावर दोन तासांत बसते, म्हणजे नेमकं शेवटच्या रेल्वेच्या प्रसंगाआधी. दोन बॅटऱ्यांचा 24 व्होल्टचा इन्व्हर्टर घ्या, किंवा जनरेटर. जनरेटर 100 फुटांपलीकडे, भिंतीआड आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवा. दिव्याच्या प्रोजेक्टरला मध्ये छोटा यूपीएस हवाच. वीज झटक्यात गेली की पंखा थांबतो, दिवा तापलेलाच राहतो आणि त्याचं आयुष्य घटतं.

प्रश्न (समुद्रपूर, जि. वर्धा): म्हाताऱ्या माणसांना त्यातली हिंदी समजेल का?

समजेल, चार शब्द आधी सांगा. 'मीता' म्हणजे एकाच नावाचे दोघं. हिरामण आणि हिराबाई म्हणून एकमेकांचे मीता होतात, आणि सगळं नातं त्या शब्दावर उभं आहे. 'टप्पर' म्हणजे गाडीवरचं छत. आपल्या रेंगीवर किंवा छकड्यावर तट्टा घालतात तसं. 'घटवारिन' म्हणजे घाटावर नाव चालवणाऱ्याची मुलगी. नौटंकी म्हणजे काय, ते खडी गंमत आणि दंडार ही आपली लोकनाट्यं पाहिलेल्या माणसांना समजावत बसायची गरज नाही. हिरामणच्या आधीच्या दोन शपथाही सांगून टाका: चोरबाजारी माल नेणार नाही, बांबू लादणार नाही. तिसरी सांगू नका. सगळं मिळून दोन मिनिटं, मग माइकचा चॅनल बंद.

प्रश्न (पुसद, जि. यवतमाळ): मराठीत असा, गाण्यांतून चालणारा रानातला चित्रपट कोणता लावावा?

जब्बार पटेल यांचा 'जैत रे जैत'. गो. नी. दांडेकर यांची कादंबरी, ना. धों. महानोर यांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकर यांचं संगीत, स्मिता पाटील आणि मोहन आगाशे. ठाकर आदिवासींच्या जगण्याची ती गोष्ट. यात ढोल आणि समूहाचा आवाज मोठा आहे, त्यामुळे वर सांगितलेली बेसची कात्री 100ऐवजी 60 हर्ट्झवर न्या. बाकी मांडणी तीच.

प्रश्न (कारंजा, जि. वाशीम): जुन्या वाड्यात फिरत्या टॉकीजची पत्र्याच्या डब्यांतली रिळं निघाली. चालवून पाहावी का?

आधी चालवू नका. फिल्मची रुंदी मोजा. 16 मिमीची असेल तर 1,600 फुटांचं एक रीळ साधारण 44 मिनिटं चालतं. 35 मिमीचं 2,000 फुटांचं सुमारे 22 मिनिटं. 35 मिमीच्या कडेला 'सेफ्टी' छापलेलं दिसलं नाही आणि चित्रपट 1950च्या आसपासचा किंवा आधीचा असेल, तर ती नायट्रेटची असू शकते. ती भडकन पेटते, विझवता येत नाही. घरात ठेवू नका, विडी-काडी लांब ठेवा. डबा उघडताच व्हिनेगरसारखा झोंबणारा वास आला, फिल्म आखडून लाटांसारखी झाली असेल, तर फिल्मची ॲसिटेटची पट्टीच कुजत आहे. पाण्याने धुऊ नका, उन्हात घालू नका, पत्र्याखाली तर मुळीच नको. आपल्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात एका मोसमात ती संपते. डब्यांवरची नावं जशी आहेत तशी उतरवून घ्या, फोटो काढा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. 1964पासूनची ती संस्था आता एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) अखत्यारीत आहे. तोवर वास येणारे डबे बाकीच्यांपासून वेगळ्या खोलीत ठेवा, कारण त्यातून सुटणारं आम्ल शेजारच्या चांगल्या रिळालाही लागतं.